क्रमांक चौदा गैरहजर

सुमनबाई सोनवणे यांचे नाव आधी लिहितो, कारण त्या नसत्या तर मी सुरतेला फार वर्षांपूर्वीच गेलो असतो आणि तिथेच राहिलो असतो. बाई आम्हाला दोंडाईच्याच्या शाळेत सातवीला गणित शिकवत. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. परीक्षा संपली की मला चुलतभावाबरोबर सुरतेच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, पाठवायचे, असे घरात ठरले होते. बाई तीनदा घरी आल्या. तिसऱ्या वेळी वडिलांनी त्यांना बसायला पाट दिला आणि चुलतभाऊ एकटा गेला. आज मी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला.

या जानेवारीत मी सुरतेला निघालो तो विद्यार्थी म्हणून. नोकरी करणाऱ्या गणित शिक्षकांसाठी दोन वर्षांचा एक पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आम्हाला सर्वात जवळचे केंद्र सुरतेचे. शेवटच्या सत्रात पंधरा दिवस तिथे राहायचे, एका शाळेत जाऊन मुलांना शिकवायचे, त्यावर लघुप्रबंध लिहायचा आणि सही घेऊन परत यायचे. मुख्याध्यापकांनी रजेच्या अर्जावर सही करताना सांगितले, "एकदाच देतोय. पुन्हा मागू नका." बाईंना फोन केला तर त्या एवढेच म्हणाल्या, "तिकडे काय शिकवतात ते मला येऊन सांग. आमच्या वेळी असले काही नव्हते रे."

पॅसेंजरने निघालो. डब्यात समोर पिशव्या आणि पोती घेऊन दोन बाया बसल्या होत्या. नंदुरबार गेल्यावर एकीने विचारले, "कुठं उतरता?"

"सुरतला."

"कोणत्या कारखान्यात?"

"कारखान्यात नाही, शिकायला चाललोय. मी शिक्षक आहे."

ती दुसरीला म्हणाली, "ऐक, मास्तर शिकायला चालला!" आणि दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मग तिने मला एक पेरू दिला. "खा. शिकणाऱ्याला भूक लागती."

नवापूरला फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. त्यापुढे उसाचे फड लागतात, मग घरे दाट होतात आणि उधना येते. मी तिथेच उतरलो, कारण संजूदादाचे घर नवागामला आहे. संजूदादा म्हणजे तोच चुलतभाऊ. तो स्टेशनाबाहेर उभा होता आणि लांबूनच ओरडला, "उना का देवा? कितली वाट दखाडी!" (आलास का, किती वाट पाहायला लावलीस!) तो आता नेहमीच ओरडून बोलतो. वीस वर्षे लूमच्या खडखडाटात उभे राहून त्याला हळू बोललेले ऐकू येत नाही.

नवागामच्या गल्लीत घराला घर चिकटलेले, आणि दारादारात साड्यांचे ढीग. बायका उंबऱ्यावर बसून छोट्या कात्रीने साडीच्या मागचे लोंबते दोरे कापतात. याला इथे धागा कटिंग म्हणतात. वहिनीही तेच करते. पहिल्या संध्याकाळी तिने शेवभाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी केली. शिवाय दादाने मुद्दाम पोंक आणला होता. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण इथे त्यावर बारीक शेव आणि लिंबू घालतात. आपल्या हुरड्यापेक्षा चांगला लागतो हे लिहायला जड जाते, पण खरे आहे.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात गेलो. त्याचे नाव मी लिहीत नाही, आणि माझ्या मार्गदर्शक साहेबांचेही नाही. पुढे सांगतो ते करणारे ते एकटेच असते, तर लिहिले असते.

पहिले तीन दिवस व्याख्याने होती. विषय होता, मुले स्वतः विचार करून ज्ञान कसे तयार करतात. एक प्राध्यापक तीन तास पडद्यावरची वाक्ये वाचून दाखवत होते आणि आम्ही तीस शिक्षक ती उतरवून घेत होतो. एकाने हात वर केला तर ते म्हणाले, "प्रश्न आखिर में." शेवटी वेळ संपली. दोन वर्षांत या अभ्यासक्रमात आम्हाला कुणी एकही गणित सोडवायला दिलेले नाही. एकही नाही. शाळेत मूल कुठे अडते, का अडते, याबद्दल आम्हा तीस जणांना काही ठाऊक असेल, असे कुणाला वाटले नाही. मात्र फाईलला समास किती सोडायचा, यावर अर्धा तास चर्चा झाली.

लघुप्रबंध कसा लिहितात हे बघायला मी ग्रंथालयात गेलो. आधीच्या तुकड्यांचे प्रबंध काचेच्या कपाटात होते, सोनेरी अक्षरांत. पद्धत सगळ्यांची एकच. शिकवण्याआधी एक चाचणी, तिला पूर्वचाचणी म्हणतात. मग आठ दिवस नव्या पद्धतीने शिकवायचे. मग तशीच दुसरी, उत्तरचाचणी. दोन्हींच्या गुणांचा तक्ता मांडायचा.

पहिल्या प्रबंधाच्या तक्त्यात उत्तरचाचणीला क्रमांक चौदा गैरहजर होता. दुसऱ्यातही. मला गंमत वाटली. तिसरा उघडला, तो बारडोलीकडच्या शाळेचा, विषय भूमिती. क्रमांक चौदा गैरहजर. मी खाली बसकण मारून एकेक काढत गेलो. शाळा वेगळी, इयत्ता वेगळी, विषय वेगळा, शिक्षक वेगळा. पण क्रमांक चौदा उत्तरचाचणीच्या दिवशी कुठेच आला नव्हता. गुणही तेच, फक्त वरखाली फिरवलेले.

ग्रंथपाल म्हणाले, "भाई, क्या ढूँढते हो?"

"चौदा नंबर."

"मिल जाएगा, मिल जाएगा," ते म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागले.

हे सगळे गणिताचे शिक्षक होते. या तक्त्यांवर सह्या करणारेही गणिताचे होते. आकडे ज्यांच्या हाती सोपवलेले आहेत त्यांनीच आकडे बनवायचे, आणि तेही इतक्या आळसाने?

मला शिकवायला मिळाली ती शाळा नवागामजवळची, मराठी माध्यमाची. सातवीचा वर्ग. वर्गशिक्षिका रेखाताई मोरे. त्यांचे वडील भुसावळकडून रेल्वेच्या कामाला इथे आले. रेखाताई सुरतेतच जन्मल्या. जयंतीच्या वर्गणीतले पैसे उरवून वाचनालय उभे करणाऱ्या वस्तीत त्या वाढल्या, आणि त्यांचे बोलणे तसेच सरळ आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, "सर, तुम्ही खरंच शिकवणार की फोटो काढून जाणार?"

"शिकवणार."

"मग शाळा सुटल्यावरचा पूरक तास घ्या. त्याला येतात ती पोरं खरी अडलेली आहेत."

त्या तासाला पहिल्यांदा जायच्या दिवशी मला अपघात झाला. संक्रांत जवळ आली होती आणि रस्त्याकडेला दोन खांबांमध्ये मांजा रंगवून वाळत घातला होता. मी घड्याळ बघत चाललो आणि सरळ त्या ओल्या दोऱ्यांत घुसलो. रंगवणारा ओरडला, "ओ काका, पतंग छो के?" (तुम्ही पतंग आहात का?) पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत गुलाबी रेघा उमटल्या. तसाच वर्गात गेलो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, तुमची तर काट झाली!" (पतंग कापला गेला!) सगळा वर्ग हसला, मीही हसलो. त्या मुलीचे नाव पूनम. त्यानंतर ओळख करून घ्यावी लागली नाही.

विषय अपूर्णांक. पूर्वचाचणीत दहा प्रश्न होते. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याचे उत्तर पूनमने पाच षष्ठांश लिहिले होते. बरोबर होते. मी सहज विचारले, "हे एकापेक्षा मोठं की लहान?"

"मोठं."

"का?"

"पाच पण मोठे आहेत, सहा पण मोठे आहेत."

वर्गातली अर्धी मुले तिच्या बाजूची होती. रीत तोंडपाठ होती. त्या रीतीतून जे बाहेर येते ते काय आहे, किती आहे, हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते.

मी पडद्यावरची वाक्ये सोडून दिली आणि वहिनीकडून दोन खराब साड्या मागून आणल्या. विचारले, तीन जणींना दोन साड्यांचे धागे कापायचे आहेत, सारखे काम वाटून घ्या. वर्गात भांडण जुंपले. एक म्हणाली, एक साडी एकीची, दुसरी साडी दोघींची. पूनम उसळली, "अशी कशी? मग माझी मम्मी काय येडी आहे काय? दोन्ही साड्यांच्या तीन-तीन घड्या घाला ना. एकेकीला प्रत्येक साडीची एक घडी." मग ती थांबली, घड्या मोजल्या आणि हळूच म्हणाली, "सर, दोन घड्या म्हणजे एका साडीपेक्षा कमीच झालं." मी फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरात दोन तृतीयांश लिहिले.

आठ दिवस असे गेले. घड्या, चित्रे, वाद. मग उत्तरचाचणी घेतली, तितकेच प्रश्न आणि तितकाच वेळ.

गुण कमी आले. पूनमला आधी सहा होते, आता चार. बहुतेकांचे तसेच झाले. कारण पेपर बघताच कळत होते. आधी मुले रीत चालवून दहाही प्रश्न उरकत होती, काही उत्तरे बरोबर पडत होती. आता ती प्रत्येक प्रश्नाला चित्र काढत होती, उत्तर एकापेक्षा मोठे की लहान ते लिहीत होती, आणि निम्म्यावर येईपर्यंत वेळ संपत होता. पण पूनमने सोडवलेली चारही गणिते बरोबर होती, आणि ती बरोबर का आहेत हे तिला माहीत होते. मला वाटले, लिहिण्यासारखे काही असेल तर हेच. मुलाला विचार करायला वेळ लागतो आणि आपल्या चाचणीत तेवढा वेळ मिळत नाही. मी तसाच तक्ता मांडला, खाली कारण लिहिले आणि साहेबांकडे घेऊन गेलो.

साहेबांनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढला. "देविदासभाई, ये क्या है? बच्चे नीचे गए?"

"सर, गुण नीचे गए. बच्चे ऊपर आए हैं. कारण पीछे लिखा है."

"ऐसा कोई लिखता है क्या? आपकी पद्धति फेल हुई, ऐसा दिखता है. ऊपर भेजूँगा तो मुझसे पूछेंगे." मग त्यांचा आवाज मऊ झाला. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी चहाही मागवला. "देखो, दो साल मेहनत की है. आंकड़े ठीक कर लो. परसों आखिरी दिन है. मैं साइन कर दूँगा."

"और नहीं किए तो?"

"तो अपूर्ण."

इथे मला माझी गोष्ट लपवता येणार नाही. मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलो आणि रिक्षाने पर्वत पाटिया भागात गेलो. सोबतच्या शिक्षकांनी तिथले एक टायपिंग-बाइंडिंगचे दुकान आधीच सांगितले होते. एकदाच मिळालेली रजा डोक्यात होती, आणि बाईंना काय सांगायचे हेही. साड्यांच्या गठ्ठ्यांच्या हातगाड्यांमधून वाट काढत दुकान गाठले. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याने विचारले, "सुधार कितना रखूँ? बीस टका, पच्चीस टका?"

तो समजावून सांगू लागला, "पच्चीस तक साहब लोग पूछते नहीं. तीस किया तो पूछते हैं."

"बाईस," मी म्हणालो. मी, गणिताचा शिक्षक, बावीस म्हणालो. माझ्या शाळेचे आणि विषयाचे नाव घालून तासाभरात सोनेरी अक्षरांची फाईल माझ्या हातात होती.

घरी दादा नुकताच पाळीवरून आला होता. त्याने हात पुसून फाईल घेतली, अक्षरांवरून बोट फिरवले. "मझार काय लिखेल शे?" (आत काय लिहिले आहे?)

मी सांगितले. पहिल्यांदा हळू सांगितले, त्याला ऐकू आले नाही. मग मला मोठ्याने सांगावे लागले, भिंतीपलीकडच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की मुलांचे गुण कमी आले होते आणि मी ते वाढवून लिहिले आहेत.

दादाने फाईल खाली ठेवली. लूमवरून उतरलेल्या कापडाच्या लांब तुकड्याला ताका म्हणतात. त्याने मला ताक्याचे सांगितले. "आमना ताका मेजतस. मीटर कमी भरनं तं कमीच लिखतस. मी जास्ती लिखसू तं सेठ मना हातमा फुटपट्टी दी आनि सांगी, मेज." (आमचा ताका मोजतात. कमी भरला तर कमीच लिहितात. मी जास्त लिहिले तर शेठ माझ्याच हातात फुटपट्टी देईल आणि म्हणेल, मोज.) मग त्याने खरोखरच न कळून विचारले, "तुना साहेब मेजत नही का?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो.

सकाळी शाळेत निरोप घ्यायला गेलो. लघुप्रबंधाची एक प्रत अहवाल म्हणून शाळेला द्यावी लागते. रेखाताईंनी फाईल उघडली, तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बावीस टक्के सुधारणा. म्हणजे आमचा पूरक तास गेला."

"गेला म्हणजे?"

"मुलं सुधारली असा कागद आला की तास बंद होतो. गरज नाही म्हणतात. मागच्या वर्षी तुमच्याच कोर्सचे एक सर आले होते. हाच वर्ग, तेव्हा सहावीत. पंचवीस टक्के सुधारणा! वर्षभर तास बंद राहिला. यंदा मी भांडून सुरू केला. पूनमला पाच षष्ठांश एकापेक्षा मोठं का वाटत होतं, आता कळलं?"

मला एकदम आठवले. "ताई, तो अहवाल आहे इथे?"

त्यांनी कपाटातून काढून दिला. मी तक्त्याचे पान उघडले. क्रमांक चौदा गैरहजर. रेखाताईंनी त्या वर्षीचे हजेरीपुस्तक काढले, बोट खाली नेले आणि एकदम हसल्या. ते हसणे ऐकायला चांगले नव्हते.

"सर, या वर्गात चौदा नंबरच नव्हता. ते पोरगं दिवाळीत गावी परत गेलं. नाव कमी केलं होतं."

वर्गात नसलेल्या मुलाला त्यांनी गैरहजर दाखवले होते, आणि वर्गात असलेल्या सगळ्या मुलांना सुधारलेले. आणि माझ्या फाईलमध्ये? मी पान उलटले. दुकानदाराने तिथेही क्रमांक चौदा गैरहजर ठेवला होता. यंदा हजेरीचे क्रमांक नव्याने दिले होते, आणि माझ्या वर्गात चौदा क्रमांकाचा मुलगा रोज दुसऱ्या बाकावर बसत होता. मी ते तपासलेसुद्धा नव्हते.

मी रेखाताईंच्या हातून फाईल घेतली. खरा तक्ता माझ्या पिशवीत होता, हाताने लिहिलेला. तो त्यांना दिला. त्यांनी तो वाचला, मागचे कारणही वाचले. "हे दाखवून मी तास मागू शकते," त्या म्हणाल्या. "पण तुमचं काय?"

"बघू." धीर दाखवायला तेवढाच शब्द होता.

सोनेरी अक्षरांची फाईल फाडावीशी वाटत होती. पण कागद जाड होता आणि मागून कोरा. दोरा उसवून पाने मोकळी केली आणि पूरक तासाला कच्ची गणिते करायला ठेवून दिली. पूनमने पहिले पान उलटसुलट करून विचारले, "सर, हे चांगलं छापलेलं का देऊन टाकलं?" मी म्हणालो, "चुकलं होतं."

दुपारी साहेबांसमोर त्याच तक्त्याची हाताने उतरवलेली दुसरी प्रत ठेवली. चौदा नंबरचेही सांगितले, एका वर्षाचे नाही, सगळ्या कपाटाचे. त्यांनी तक्ता बाजूला सरकवला. मग म्हणाले, "ये बात यहीं रहने दो," आणि माझ्या अर्जावर 'अपूर्ण' असे लिहिले. अक्षर सुंदर होते. मी ग्रंथालयातल्या प्रबंधांची यादी केली, तक्रारीचा अर्ज लिहिला आणि कार्यालयात पोच मागितली. कारकून म्हणाला, "ऐसे अर्ज की पोच नहीं देते." मी दोन तास उभा राहिलो. पोच घेऊनच निघालो.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. लोक विचारतात, शिक्षकांना पुढे शिकवले तर मुले सुधारतील का. मी मनापासून हो म्हणतो. मी स्वतः एका शिक्षिकेने घडवलेला माणूस आहे. पण शिक्षकाला शिकवणाऱ्यांनी त्याला आकडे बनवायला शिकवले, तर तो वर्गात जाऊन काय शिकवणार? आणि त्याची किंमत फाईलवाला देत नाही, साहेब देत नाहीत. नवागामच्या उंबऱ्यावर दोरे कापणाऱ्या बायकांच्या मुली देतात.

घरी पोचल्यावर चार दिवसांनी बाईंना पत्र पाठवले. ते असे:

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तिकडे काय शिकवतात ते येऊन सांग, असे तुम्ही म्हणाला होतात. तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणून लिहितो. मला पदवी मिळालेली नाही. एक दिवस खोटे गुण लिहून मी ती मिळवलीच होती, हेही तुम्हाला माहीत असावे. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येते, पण रजा मिळेल असे दिसत नाही. तक्रारीला उत्तर आलेले नाही. मी दर आठवड्याला स्मरणपत्र पाठवणार आहे.

तुम्ही माझे सांत्वन करू नका. एक काम सांगतो, ते करा.

सुरतेच्या शाळेतल्या रेखाताईंचा परवा फोन आला. पूरक तास चालू राहिला. त्यांनी मुलांना तोच पेपर पुन्हा दिला, या वेळी घड्याळ न लावता. पूनम नावाच्या मुलीने दहाही गणिते सोडवली. आठ बरोबर, दोन चुकली. तिच्या पेपरचा फोटो त्यांनी पाठवला, तो छापून सोबत जोडला आहे. सातव्या गणितात ती कुठे चुकली ते मला कळले. नवव्यात तिने काढलेले चित्र बरोबर आहे, मांडणी बरोबर आहे, आणि तरी उत्तर चुकले आहे. मी दोन दिवस बघतो आहे. तिच्या डोक्यात काय चालले होते, ते मला सापडत नाही.

तुम्हाला सापडले तर लगेच कळवा. ती मुलगी सोमवारी पुन्हा वर्गात येणार आहे.

तुमचा विद्यार्थी,
देविदास